विधवा, बेवा, वेदोवा

(धाराशिव जिल्ह्यातील एकल स्त्रियांच्या तुळजापूर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



सकाळच्या सत्रात सभासद-कार्डावरून जी वादावादी झाली ती मी मागे बसून ऐकत होते. कार्डावर विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित असे चार रकाने छापायचे, की नुसते 'एकल' छापायचे, की काहीच न छापता बाईचे नाव तेवढे लिहायचे? कळंबकडच्या एक बाई म्हणाल्या, "शब्दाला काय चाटायचंय? पगार मिळाला म्हणजे झालं." पगार म्हणजे निराधारचा. त्यावर उमरग्याकडची एक तरुण मुलगी म्हणाली, "गावात मला ज्या शब्दाने ओळखतात तोच माझ्या गळ्यातल्या कार्डावर असेल, तर मी इतक्या लांब कशाला आले?" दोघींचेही बरोबर आहे. म्हणूनच हा वाद दहा मिनिटांत मिटला नाही.

मला भाषेविषयी बोलायला सांगितले आहे. तर त्या पहिल्या रकान्यातल्या शब्दापासूनच सुरुवात करते. त्यासाठी थोडे लांब, रोमपर्यंत जाऊन यावे लागेल.

'विधवा' हा शब्द आपण संस्कृत म्हणून ओळखतो. लॅटिनमध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या भाषेत, याच अर्थाचा शब्द आहे 'विदुआ'. लॅटिनपासून इटालियन झाली, तिच्यात त्याचे 'वेदोवा' झाले. रशियनमध्ये 'व्दोवा', जर्मनमध्ये 'विट्वे', इंग्रजीत 'विडो'. आता कानाला ओळख पटली असेल. हे शब्द कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. एकाच आजीच्या या नाती आहेत. आणखी एक नात तर आपल्या गल्लीतच राहते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. आपल्या मुसलमान मैत्रिणींच्या घरात 'बेवा' शब्द आहे, तो फारसीतून आला आणि फारसीत तो याच मूळ शब्दापासून झाला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन दारांत एक विधवा आणि एक बेवा बसलेली असते. दोघींची दुःखे सारखी हे आपल्याला ठाऊकच आहे, शब्दही सख्खे आहेत.

या आजी-शब्दाचा अर्थ काय होता? शाळेत आपल्याला फोड करून सांगतात: 'वि' म्हणजे विना, 'धव' म्हणजे नवरा, म्हणून विधवा म्हणजे नवरा नसलेली. ही फोड इतकी सोपी आहे की शंका येतच नाही. पण ती खरी नाही, असे भाषांचा तुलनेने अभ्यास करणारे सांगतात. मूळ धातूचा अर्थ 'वेगळे होणे, वेगळे करणे' असा धरला जातो. लॅटिनमध्ये त्याच धातूपासून 'विभागणे' या अर्थाचे क्रियापद झाले, तेच पुढे इंग्रजीत 'डिव्हाइड' आणि 'डिव्हिजन' झाले. एसटीच्या डिव्हिजन ऑफिसात जाता ना, त्या डिव्हिजनमध्ये आणि विधवेत एकच धातू आहे. ऋग्वेदाच्या भाषेतही 'मुकणे, वाण पडणे' अशा अर्थाचे जवळचे क्रियापद सापडते. विधवा म्हणजे वेगळी पडलेली, मागे राहिलेली. या अर्थात नवरा हा शब्द कुठेच नाही.

मग 'धव' आला कुठून? गंमत अशी की तो विधवेतूनच काढला. आधी 'विधवा' होता. पुढे पंडितांनी तो शब्द उसवला, 'वि' बाजूला काढला आणि उरलेल्या तुकड्याला नवरा म्हटले. त्या तुकड्यापासून मग 'सधवा' असा नवा शब्द शिवला. माधव म्हणजे लक्ष्मीचा धव, अशी फोडही पुराणिक करून सांगतात. एका बाईच्या नावातून एक नवरा निर्माण झाला आणि तो थेट देवापर्यंत पोचला!

यास्क नावाचा एक मोठा जाणकार सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. शब्दांची मुळे सांगणारा त्याचा 'निरुक्त' हा ग्रंथ आहे. त्यात 'विधवा' या शब्दाची एक नाही, चार स्पष्टीकरणे आहेत. जिला आधार देणारा नाही ती, हे एक. जी थरथर कापते ती, हे दुसरे. जी इकडेतिकडे धावत सुटते ती, हे तिसरे. ते त्याने दुसऱ्या एका आचार्याच्या नावावर सांगितले आहे. आणि 'धव म्हणजे पुरुष, त्याच्यापासून जिचा वियोग झाला ती' हे सगळ्यांत शेवटी. म्हणजे त्या काळी यास्काचीही एकाच उत्तरावर खात्री नव्हती. पुढच्या लोकांनी त्यातले सोयीचे उत्तर ठेवून घेतले. मला विचाराल तर तिसरे स्पष्टीकरण व्युत्पत्ती म्हणून चुकीचे असले तरी माहिती म्हणून अचूक आहे. तलाठी, तहसील, बँक, पंचायत समिती: धावत सुटलेली बाई आपण रोज पाहतो.

यास्क ज्या ऋचेवर बोलत होता तिच्यात विधवेच्या शेजारी 'देवर' आहे, म्हणजे दीर. दिराचेही गोत्र तेच: लॅटिनमध्ये त्याला 'लेव्हिर' म्हणतात, आणि तोही आपल्या 'देवर'चा सख्खा. विधवेच्या शेजारी दीर वेदातही आहे आणि सातबाऱ्यावरही. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता रोमकडे. तिथल्या पंडितांनीही हाच उद्योग केला. दोन हजार वर्षांपूर्वी, ऑगस्टस बादशहाच्या काळात, लाबेओ नावाचा कायदेपंडित होता. त्याचे म्हणणे पुढे रोमन कायद्याच्या मोठ्या संग्रहात नोंदलेले आहे. तो म्हणतो, 'विदुआ' म्हणजे जिचा नवरा मेला तीच नव्हे, जिला कधी नवरा नव्हताच तीही विदुआ. आणि कारण देताना तो शब्द आपल्यासारखाच उसवतो: 'वि' म्हणजे विना आणि 'दुआ' म्हणजे दोन, म्हणून विदुआ म्हणजे 'दोनपण नसलेली'. ही फोडही कच्चीच. पण बघा, इकडच्या पंडिताने शब्द फाडून आत नवरा घातला, तिकडच्याने आत जोडी घातली. बाई एकटी असते हे दोघांनाही नुसते म्हणून सांगता येईना. कशाच्या तरी अभावानेच सांगावे लागले.

तरीही लाबेओच्या म्हणण्यात आपल्या कामाचे काही आहे. त्याच्या विदुआमध्ये नवरा मेलेली, सोडलेली, न केलेली अशा सगळ्या येतात. आज आपण 'एकल' म्हणतो ते जवळजवळ तेच. रोमचा इतिहासकार लिव्ही लिहितो, की जुन्या राजाने घोडदळाच्या घोड्यांच्या वैरणीसाठी विदुआंवर वर्षाला दोन हजार नाणी कर बसवला. कर कोणावर बसतो? ज्याच्याकडे काही असते त्याच्यावर. म्हणजे या बायकांच्या नावावर मालमत्ता होती, आणि सरकारची पहिली नजर त्या मालमत्तेवर गेली. ऑगस्टसने पुढे त्यांना मोकळेही सोडले नाही. त्याच्या कायद्याने नवरा मेल्यावर ठरावीक मुदतीत दुसरे लग्न केले नाही तर वारसा घेण्यावर बंधने येत. तिकडे लग्न करा म्हणून दंड, इकडे करू नका म्हणून दंड. आणि त्याच रोममध्ये थडग्यावर 'एकाच नवऱ्याची' असे कौतुकाने कोरत! बाईने काय करावे हे आधी ठरते, त्यामागचे शास्त्र नंतर येते.

लॅटिनमधली एक गोष्ट मला फार आवडते. तिकडे द्राक्षाचा वेल झाडावर चढवत. वेल झाडाला बांधण्याला ते 'झाडाचे लग्न लावणे' म्हणत. ज्या झाडावर वेल नाही ते झाड 'विदुआ'. आपल्याकडे बाई म्हणजे वेल आणि पुरुष म्हणजे वृक्ष, हे कवींनी इतके म्हणून ठेवले आहे की आधार गेला की वेल भुईला लागणार असे आपल्याला वाटतेच. तिथे मात्र वेल नसली की झाडच ओकेबोके, झाडच विधवा. म्हणून जुन्या काळी सगळे छान होते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की हा शब्द एकाच बाजूला वाकवलेला आहे, आणि तो वाकवणारे हात माणसांचे होते.

इटलीत या शब्दाला पुढे आणखी एक अर्थ चिकटला, तो आपल्या जास्त जवळचा आहे. १८८० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत दक्षिण इटलीतून लाखो पुरुष अमेरिकेला कामाला गेले. शेत, म्हातारी माणसे आणि पोरे बायकोच्या गळ्यात. कोणी पैसे पाठवले, कोणी परत आले, कोणी तिकडेच दुसरे घर केले. या मागे राहिलेल्या बायकांना लोक 'वेदोवा बियांका' म्हणू लागले, म्हणजे पांढरी विधवा. तिकडे विधवेचा रंग काळा. नवरा जिवंत पण घरात नाही अशीला पांढरी. आपल्याकडे 'पांढऱ्या कपाळाची' म्हणतात ते आठवले का? लिंडा रीडर नावाच्या अभ्यासक बाईंनी सिसिलीतल्या अशा बायकांवर २००३ साली पुस्तक लिहिले. आलेल्या पैशांतून या बायकांनी घरे घेतली, जमिनी घेतल्या, पत्रे आणि हिशेब यांच्यापायी लिहा-वाचायची गरज त्यांना पटली, असे त्या दाखवतात. पण कायदा काय होता? १८६५ च्या इटालियन कायद्याने लग्नाच्या बाईला जमीन विकायला, गहाण टाकायला नवऱ्याची परवानगी लागे. ती अट १९१९ साली गेली. विधवेला ही अट नव्हती. म्हणजे काळ्या विधवेची सही चाले, पांढरीला मात्र समुद्रापलीकडच्या माणसाची परवानगी हवी. नवरा मेलेली एका परीने सुटली, नवरा गेलेली अडकली.

आपल्या परित्यक्ता मैत्रिणींना हे वेगळे समजावून सांगायला नको. भूम-परांड्याचा माणूस पुण्याला जातो, वर्षभर फोन करतो, मग नंबर बदलतो. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईने काय दाखवायचे? टाकल्याचा दाखला कोणी द्यायचा, टाकणाऱ्याने?

'परित्यक्ता' हा शब्द चळवळीत रुळला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी. संगमनेरला या बायकांच्या परिषदा झाल्या आणि तोवर 'माहेरी बसलेली', 'टाकलेली' म्हणून कुजबुजत बोलला जाणारा प्रश्न सरकारदरबारी गेला. ते ऋण मोठे आहे. पण शब्दाचे व्याकरण बघा: त्याग कोणी केला? त्याने. कोणाचा? हिचा. बाई कर्म आहे, कर्ता गावात राजरोस हिंडतो. त्याच्यासाठी शब्दच नाही. पुरुषांच्या बाबतीत भाषा अशीच हात आखडून असते. इंग्रजीत बायको गेलेल्याला 'विडोअर' म्हणतात, तो बाईच्या शब्दाला शेपूट जोडून केलेला. आपला 'विधुर' मुळात पुरुषाचा नव्हताच, कोणत्याही व्याकूळ माणसाचा होता. कालिदासाने मेघदूतात विरहाने झुरणाऱ्या बायकोलाच तो लावला आहे. आणि लग्नपत्रिकेत कोणाच्या नावामागे 'विधुर' छापलेले तुम्ही कधी पाहिले आहे?

बाईच्या नावामागे मात्र 'सौ.' असतेच. नवरा गेला की त्याच जागी 'गं.भा.' येते, गंगाभागीरथी. नदीसारखी पवित्र, म्हणजे हळदीकुंकवाला बोलवायची नाही. एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' शब्द वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करा असे पत्र खात्याला लिहिले होते. राज्यभर टीका झाली, तेव्हा निर्णय काही झालेला नाही असे त्यांनी सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. हेरवाडने शब्दाला हात लावला नाही, हात धरला तो बांगडी फोडणारा. मला हा रस्ता जास्त बरा वाटतो.

आणखी दोन शब्द, कारण आपण तुळजापुरात आहोत आणि इथे ओटी भरायला आलेल्या बाया रोज दिसतात. 'अहेव मरण यावे' असे म्हाताऱ्या म्हणतात. अहेव म्हणजे काय? संस्कृत 'अविधवा' हा शब्द बोलता बोलता झिजला, त्याचे 'अहेव' झाले. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला अहेव नवमीही म्हणतात. म्हणजे जिचा इतका मान, तिलाही स्वतःचे नाव नाही. ती कोण? तर 'विधवा नसलेली'. मळवट भरला तरी आत भीती तीच. दुसरा शब्द सवाष्ण. तो 'सुवासिनी'वरून आला. जुन्या संस्कृत कोशांत सुवासिनीचा एक अर्थ आहे: बापाच्या घरी राहणारी स्त्री, मग ती लग्नाची असो की बिनलग्नाची. थोडक्यात, माहेरी राहिलेली! आज ज्या बाईला आपण 'माहेरी बसलेली' म्हणून सवाष्णींच्या पंगतीतून उठवतो, तीच मूळची सुवासिनी. हा अर्थ घरी जाऊन सासूला सांगा, बघा काय होते.

'रांड' या शब्दाविषयी मी फार बोलणार नाही. संस्कृतातल्या 'रण्डा'पासून तो आला, अर्थ नुसता विधवा. पुढे तीच शिवी झाली, आणि तिच्या पोरालाही शिवी झाली. नवरा नसलेली बाई म्हणजे कोणाचीही बाई, हा हिशेब एका शब्दात बसवलेला आहे.

मग शब्द बदलावेत का? महर्षी कर्व्यांच्या पिढीतही हा प्रश्न आला होता. १८९३ साली 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' निघाली, आणि दोनच वर्षांत तिचे नाव 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' झाले. उत्तेजन नको, वाटेतले अडथळे तेवढे काढू. जीभ अडखळेल असे नाव, पण त्यामागे धोरणाचा विचार होता. शब्दावरून भांडणे म्हणजे वेळ घालवणे असे मी म्हणणार नाही.

पण आपल्या जिल्ह्याचेच बघा. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. तुमच्या जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे म्हणून तो रद्द झाला का? नाही. जिल्ह्याने नाव बदलले तर सरकार सांभाळून घेते. बाईचे नाव लग्नात बदलले, आधारावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, तर प्रतिज्ञापत्र करा, गॅझेट करा, परत या. ही धावाधाव तिच्या एकटीची.

आणि योजना तर शब्दावरच चालतात. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. तिच्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशा जाती पाडलेल्या आहेत, पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहित बाईचीही सोय आहे. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशीच यादी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला २००६ च्या नियमाने एक लाख रुपये, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव. तेही घर 'पात्र' ठरले तर. इथे 'मला विधवा म्हणू नका' म्हणून चालत नाही. अर्जावर तो शब्द हत्यारासारखा वापरायचा आणि काम झाले की कपाटात ठेवायचा. म्हणून माझे मत असे: कार्डावर बाईचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव, बस्स. कोणती कोणत्या योजनेत बसते ते कार्यालयातल्या वहीत. वही कार्यकर्तीजवळ, कार्ड बाईच्या गळ्यात. 'एकल' संघटनेच्या नावात राहू द्या. तो शब्दही काही निर्दोष नाही. चार पोरे, सासू आणि दोन शेरडे सांभाळणारी बाई एकटी कुठे असते? पण त्यात निदान कोणी मेलेले नाही आणि कोणी कोणाला टाकलेले नाही.

विधवेपेक्षा जास्त नुकसान करणारा शब्द मात्र सकाळच्या चर्चेत आलाच नाही. तो तुमच्या सातबाऱ्यावर आहे. उताऱ्यावर दिराच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचे. नवरा जिवंत होता तोवर कोणाला टोचले नाही. तो गेला की दीर उतारा दाखवतो: "वहिनी, तुमचं नाव कुठं आहे?" ऋचेतला देवर हा असा येतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली, त्यात ४० टक्के बायकांना शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्याच्या मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. एकदा मिळालेला हिस्सा बाईने पुढे दुसरे लग्न केले म्हणून जात नाही; कोणी तसे सांगितले तर लेखी मागा. मुसलमान मैत्रिणींचा हिशेब वेगळा आहे: मुले असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. शेतजमिनीच्या बाबतीत त्यांनी वकीलताईंशी वेगळे बोलून घ्यावे. २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. नाव छान आहे. तुमचे नाव त्यात लागले का, हे उतारा काढूनच कळेल.

नाव लागले तरी आपल्याकडे ते 'भ्र.' घालून लागते: अमुकबाई भ्र. तमुक. भ्र. म्हणजे भ्रतार, भर्ता, पोसणारा. तो जाऊन दहा वर्षे झाली, त्याचे कर्जही बाईने फेडले, तरी उताऱ्यावर पोसणारा तोच. पण त्या भ्र.साठी अर्ज अडवून ठेवू नका. आधी नाव लागू द्या.

आता जेवण करून घ्या. नंतर झाडाखाली वारस-नोंदीचे अर्ज भरायचे आहेत. मृत्यूचा दाखला, आधार आणि उतारा हाताशी ठेवा. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहायचे. मुले लहान असतील तर त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचेच नाव येईल, दिराचे किंवा सासऱ्याचे नाही, हे भरताना नीट बघा. आणि ज्यांच्या उताऱ्यावर ए.कु.मॅ. आहे त्यांनी उजव्या बाजूला वेगळ्या बसा, त्यांना वेळ जास्त लागणार आहे.